पंधरा पाट्या शेण

"मॅडम, हे काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा."

गोजराबाई स्वयंपाकखोलीच्या दारात उभ्या होत्या. हातात डाव, नाकावर पदर, आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट त्यांच्या खांद्यावरून बाहेर येत होता. दाराशेजारच्या भिंतीवर सातवीच्या मुलींनी सकाळीच एक तक्ता चिकटवला होता. निळी-हिरवी पृथ्वी, तिला रडके डोळे आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ.

मी वाचलं, "धूर टाळा, पृथ्वी वाचवा."

"कुनी टाळायचा?"

"म्हणजे... सगळ्यांनीच."

"हितं लावलाय म्हणून इचारलं," त्या म्हणाल्या. "शाळेत धूर करनारी मी एकटीच हाय. मला वाटलं, माझ्यासाठीच लावला."

टोमणा असता तर मी परतवला असता. पण त्यांनी खरंच विचारलं होतं. तक्त्याचा विषय मी दिला होता. पर्यावरण सप्ताहाचे फोटो वर पाठवायचे होते, आणि शाळेत मोकळी भिंत तेवढीच उरली होती. मी काहीतरी पुटपुटले आणि कार्यालयात निघून गेले. मागून त्यांचा खोकला बराच वेळ ऐकू येत राहिला.

धारणमळा हे विंचूरपासून सहा-सात किलोमीटरवरचं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते. मी उत्तरा गायधनी, राहणार नाशिक, पंचवटी. रोज बसने विंचूरपर्यंत आणि पुढे जीपने. शाळेत एकशेचाळीस मुलं, आणि त्यांचं दुपारचं जेवण शिजवायला गोजराबाई दरेकर. वय चोपन्न-पंचावन्न. एकोणीस वर्षं त्या हे काम करत होत्या. सोबतीला अक्काबाई म्हणून त्यांच्याच वयाची मदतनीस होती. भाजी चिरणं, ताटं मांडणं, वाढणं अक्काबाईंकडे. चुलीपुढं मात्र गोजराबाईच. "तिला धूर सोसत नाय," असं त्या सांगायच्या, जणू काही त्यांना सोसत होता. त्यांचे यजमान चंदर विंचूरच्या कांदा मार्केटात हमाल होते, पण कंबर गेल्यापासून ते घरीच होते. घर गोजराबाईंच्या डावावर चालायचं.

शाळेला सिलिंडर मिळत. पण एक संपला की दुसरा यायला तीन-तीन आठवडे लागत. मुलं तर रोज जेवायला बसायची. त्यामुळे चूल हीच खरी, सिलिंडर सणासुदीचा.

त्या जानेवारीत एका दुपारी मसालेभात ढवळता ढवळता गोजराबाई खाली बसल्या आणि त्यांना उठताच येईना. मी त्यांना नाशिकला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकर मारायला लावली, मग विचारलं, "विडी ओढता का, आजी?"

"विडी नाय, खिचडी," गोजराबाई म्हणाल्या. "एकशेचाळीस पोरांची."

डॉक्टर आधी हसले, मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. म्हणाले, "फुफ्फुसाचा जो भाग गेला तो आता परत यायचा नाही. राहिलाय तो सांभाळा. चुलीपुढं बसू नका, एवढंच औषध आहे."

परतीच्या बसमध्ये गोजराबाई खिडकीशी बसल्या होत्या.  निफाड मागे पडल्यावर म्हणाल्या, "पोरींनी तक्त्यावर बरुबरच लिवलं व्हतं म्हंजी."

त्याच आठवड्यात वरून पत्र आलं. एप्रिलअखेर तपासणी होणार होती. ज्या शाळेत अन्न लाकडावर शिजतं, ती शाळा नव्या शैक्षणिक वर्षापासून तालुक्याच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराला जोडली जाणार होती. जेवण पहाटे शिजणार आणि गाडीतून येणार. शाळेत स्वयंपाकी लागणार नव्हते.

मी ते पत्र गोजराबाईंना वाचून दाखवलं. मला वाटत होतं, एका दगडात दोन पक्षी. म्हणालेसुद्धा, "बरंच झालं एका अर्थी. तुमच्या छातीला आराम."

त्यांनी पगाराचं विचारलं नाही. म्हणाल्या, "पहाटं शिजलेली खिचडी दुपारी गार व्हनार. गार खिचडीचा गोळा होतो मॅडम. पहिलीची बारकी खात नाय ती. मी बघितलंय, गोळा झाला की हळूच कुत्र्याला घालतात."

"आता नियमच तसा आहे..."

"नियम लाकडाचा हाय ना? खिचडीचा नाय." त्यांनी खिडकीतून शाळेच्या मागे बोट दाखवलं. "त्यो गोबरगॅस चालू केला तर?"

शाळेच्या मागे ग्रामपंचायतीच्या जागेत तीस वर्षांपूर्वीचा गोबरगॅस पडून होता. विहिरीसारखी गोल बांधलेली टाकी, तिच्यावर गंजलेला लोखंडी घुमट. गाव त्याला टोप म्हणायचं. टाकीत पावसाचं पाणी, प्लास्टिक आणि मुलांचे हरवलेले चेंडू. मी म्हणाले, "छे, छे. परवानगी लागेल. उद्या काही झालं तर माझ्यावर येईल."

मी नाही म्हणाले होते. आता गोजराबाईंचं नाव निघालं की लोक माझंही नाव घेतात, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. संध्याकाळी त्या केरूनानांच्या गोठ्यावर गेल्या. केरूनाना सत्तरी ओलांडलेले. तो गोबरगॅस चालू होता तेव्हा त्यांनीच सांभाळला होता. त्यांनी गोजराबाईंना बसायलाही सांगितलं नाही म्हणे. "त्या टाकीचं नाव काढू नको," एवढंच बोलले आणि धार काढत राहिले.

मग सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदन झालं आणि शाळेच्याच पटांगणात ग्रामसभा बसली. सरपंच शेखर तरुण होता. विषय संपत आले तशा बायकांच्या रांगेतून गोजराबाई उठल्या. ग्रामसभेत बाई बोलायला उठली की पुरुष आपसांत बोलायला लागतात. तसंच झालं. गोजराबाई बोलणं ओसरेपर्यंत नुसत्या उभ्या राहिल्या.

"गोबरगॅस चालू करायचाय," त्या म्हणाल्या. "शाळेसाठी. रोज पंधरा पाट्या शेन लागंल."

मागून केरूनानांचा आवाज आला. "तीस सालांमागं बी असंच उभं राहून सांगितलं व्हतं. शेन समद्या गावाचं आन् गॅस दोन घरांत! चार वरीस मी त्या टाकीवर राबलो. येक दिस बघतो तर पाइप कापल्याला. कुनी कापला ते अजून मला कुनी सांगितलं नाय."

 ज्यांनी कापला त्यांतले काहीजण बहुधा तिथंच बसले होते.

"नाना," गोजराबाई म्हणाल्या, "आता गॅस कुनाच्या बी घरात जायचा नाय. पोरांच्या ताटात जायचा. तुमची नात तीन डाव खिचडी वाढून घेती. तिच्यापायी एक पाटी शेन द्या. आन् टाकीतून जो काला भाईर पडंल त्यो ज्याचा त्यानं वावरात न्यावा. शेन दिलं, खत मिळालं. तुमचं कमी काय झालं?"

कोणीतरी विचारलं, "शेनाच्या गॅसवरचं अन्न पोरांना घालनार का?"

"तुमच्या आयांनी चुलीत गवऱ्या घालून भाकरी थापल्या. त्या खाऊनच एवढे झाले ना?"

बायका हसल्या. गोजराबाईंना खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यांचा आवाज खाली आला.

"एक सांगते. पोरी तक्ते रंगवत्यात. ऊन वाढलं, पाऊस बिघडला, गारा पडतात, झाडं वाचवा. समदे विचारतात, ओढ्याकाठच्या बाभळी कुठं गेल्या? मी सांगते कुठं गेल्या. माझ्या चुलीत गेल्या. एकोनीस वर्सं रोज एक भारा. मी जाळल्या, तुमच्याच पोरांसाठी जाळल्या. आता मला त्या जाळायच्या नायत. एवढंच सांगायचं व्हतं."

आणि त्या खाली बसल्या.

शेखरने गळा खाकरून विचारलं, "कोणाकोणाची संमती?" बायकांचे हात आधी वर गेले. मग मागच्या बाजूचे. केरूनानांचा गेला नाही, पण ते उठूनही गेले नाहीत. शेखर माझ्याकडे वळला. "शाळेचं काय म्हणणं, मॅडम?"

माझ्या पर्समध्ये ते पत्र होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी वरच्याला न विचारता साधी खिडकीची काचही बदलली नव्हती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "शाळेची हरकत नाही. मी सही करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीजवळ फावडं आपटल्याचा आवाज आला. बघते तर केरूनाना एकटेच टाकीत उतरून प्लास्टिक बाहेर फेकत होते.

"बोलू नका," मला बघून ते म्हणाले. "पोरगी तीन डाव खाती हे मला म्हाईतच नव्हतं."

पुढचे पंधरा दिवस तिथं मेळा भरल्यासारखं झालं. विंचूरला ट्रॉल्यांचं वेल्डिंग करणारा नवनाथ हा गोजराबाईंचा भाचा. त्याने टोप उचलून नेला, गंज घासला, सात ठिकाणी पत्र्याचे तुकडे जोडले आणि काळा रंग मारून आणून बसवला. टाकीच्या भेगा गवंड्याने बुजवल्या. टाकीपासून स्वयंपाकखोलीपर्यंत नवा पाइप आला. आणि मग टाकी पहिल्यांदा भरायची वेळ आली. रोजच्या पंधरा पाट्या नंतर. आधी चार ट्रॉल्या शेण लागणार होतं. ते गोळा करायला गावाला तीन दिवस लागले. वस्त्यांवरून, मळ्यांतून, ज्यांच्याकडे एकच शेळी होती त्यांच्याकडूनसुद्धा. एका म्हातारीने शेळीच्या लेंड्या ओच्यात भरून आणल्या. गोजराबाईंनी त्या परत पाठवल्या नाहीत.

शेण पाण्यात कालवायला बायका टाकीशेजारच्या हौदाभोवती बसल्या होत्या. मी कडेला उभी राहून फोटो काढत होते.

"मॅडम," अक्काबाई म्हणाल्या, "फोटूनं कालवलं जाईल का?"

आमच्या घरी सासरे रामकुंडावर पूजा सांगणारे. पंचगव्याला घरात मोठा मान. पण कोपरापर्यंत शेणात हात मी जन्मात घातला नव्हता. मी फोन पर्समध्ये टाकला, बांगड्या वर सारल्या आणि बसले. ते गार होतं, मऊ होतं, आणि ज्याची एवढी चर्चा, तो वासही तेवढा नव्हता. त्या दिवशी जीपमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

मग वाट पाहणं आलं. केरूनाना सकाळ-संध्याकाळ टोपावर हात ठेवून बघायचे. विसाव्या दिवशी आत गॅस साठून टोप वीतभर उचलला गेला. गोजराबाईंनी शेगडीचा कॉक उघडला, काडी ओढली. काही नाही. दुसरी काडी. तीही विझली. मुलं दारात गर्दी करून होती, त्यांचा "अरे!" असा आवाज झाला.

"पहिला गॅस पेटत नसतो," केरूनाना शांतपणे म्हणाले. "सोडून द्यायचा. पहिलारू गाईचा चीक जसा पिळून टाकतो तसा."

तो सोडून दिला. चार दिवसांनी टोप पुन्हा वर आला. या वेळी मुलांना वर्गात बसवलं होतं. काडी ओढल्याबरोबर भप्पकन आवाज झाला आणि शेगडीच्या भोकांवर निळी ज्योत फिरली. ती इतकी फिकी होती की अक्काबाईंना दिसेचना. गोजराबाईंनी वर तळहात धरून बघितला आणि चटकन मागे घेतला. मग पातेलं चढवलं.

त्या दिवशी खिचडी सव्वाबाराला तयार झाली. गोजराबाई पहिल्यांदा वाढायला व्हरांड्यात आल्या. एरवी धुराने त्यांचे डोळे इतके चुरचुरायचे की काम संपलं की त्या नळाखाली डोकं घालून बसायच्या. त्या रांगेच्या कडेला उभ्या राहिल्या आणि एकेका मुलाकडे बघत गेल्या.

"एकोनीस वर्सं जेवायला घालते," त्या मला म्हणाल्या, "पन पोरं जेवताना कशी दिसत्यात, ते आज नीट बघितलं."

गोष्ट इथं संपली असती तर सोपं झालं असतं.

मार्चच्या मध्यात अवकाळी पावसाने तीन दिवस झोडपलं. काढून वावरात पडलेला उन्हाळ कांदा भिजला आणि आठवड्यात सडायला लागला. लोकांनी तो ओढ्याकाठी आणून ओतला. त्या वासाने वर्गात बसवेना. गोजराबाईंना कल्पना सुचली. "टाकीला कुजकंच लागतं. हा कांदा टाकू. वास बी जाईल, गॅस बी वाढंल." मला ते इतकं आवडलं की मी मुलांना त्यावर निबंधच लिहायला सांगितला.

आठ दिवस आम्ही घमेल्याने सडका कांदा टाकीत घातला. नवव्या दिवशी ज्योत पिवळी पडली. अकराव्या दिवशी ती फुरफुरून विझली. टोप खाली बसला आणि टाकीतून आंबूस वास येऊ लागला. तपासणीला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

केरूनाना त्या सगळ्या दिवसांत मुलीकडे मनमाडला गेले होते. आल्यावर त्यांनी टाकीत काठी घालून वास घेतला. "म्हशीला आठ दिस नुसता सडका कांदा घातला तर काय व्हईल?"

"पोट बिघडंल," गोजराबाई म्हणाल्या.

"मग? हे बी पोटच हाय."

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"लंघन. काय घालायचं नाय. चुन्याची निवळी थोडी थोडी पाजायची, मग हळूहळू ताजं शेन. पंधरा दिस, तीन आठवडं. उठली तर उठली टाकी."

 गोजराबाई सरळ मारुतीच्या पारावर गेल्या. सकाळची वेळ, तिथं दहाबारा माणसं होती. "टाकी बिघडली," त्या मोठ्याने म्हणाल्या. "कांदा मी टाकला. मॅडमनी नाय, नानांनी नाय. चूक माझी हाय." मग घरी जाऊन कोयता घेतला आणि ओढ्याकडे चालू लागल्या. बाराला मुलं जेवायला बसणार होती.

अक्काबाईंनी त्यांना वाटेत गाठलं. मी मागून धावत पोचेपर्यंत दोघींची ओढाओढ चालली होती.

"कोयता दे हिकडं."

"पोरं उपाशी ठिऊ का मग?"

"पोरांचं बघते मी. चूल पेटवशील तर याद राख. डाक्टरनी काय सांगितलंय ते मॅडमनी मला बी सांगितलंय." अक्काबाईंनी कोयता हिसकून घेतला. आयुष्यभर कांदा चिरून ताटं मांडणारी ही बाई एवढ्या जोरात बोलू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. "घराघरात सिलिंडर हायत. एका घरानं धा पोरांचं शिजवायचं. चौदा घरं. झालं का नाय एकशेचाळीस?"

शाळेचा तांदूळ-डाळ शाळेबाहेर नेणं नियमात बसत नव्हतं. गोजराबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"न्या," मी म्हणाले. "मी मोजून देते, मी लिहून ठेवते. विचारलं तर मी सांगेन."

तीन आठवडे धारणमळ्यात रोज साडेअकराला एक मिरवणूक निघायची. चौदा बायका, डोक्यावर चौदा पातेली, वेगवेगळ्या रंगांच्या फडक्यांनी झाकलेली. एकीची खिचडी तिखट, एकीची पातळ, एकीने हौसेने शेंगदाणे घातलेले. मुलं पातेली हेरून रांगा बदलायची. घरात दहा मुलांचं शिजवताना त्या बायकांना गोजराबाईंचं काम काय होतं ते कळलं. जी कधी शेणाच्या पाटीला नाक मुरडायची, तीही नंतर रोज पाटी घेऊन यायला लागली.

गोजराबाई मात्र दिवसभर टाकीजवळ असायच्या. चुन्याचं पाणी, काठीने ढवळणं, वास घेणं. आजारी जनावरापाशी बसावं तशा बसायच्या. केरूनाना विडीही ओढायचे नाहीत तिथं.  एकदा मी जवळून जाताना नाना म्हणत होते, "सभेत मी खोटं बोललो. पाइप शेजारच्या दाजीबानं कापला व्हता. मरायच्या आधी त्यानंच सांगितलं मला. मी कुनाला बोललो नाय." गोजराबाई म्हणाल्या, "बरं केलं."

एकोणिसाव्या दिवशी टोप बोटभर वर आला.

तपासणी चोवीस एप्रिलला झाली.  अधिकारी वयाने माझ्याएवढे, घामाघूम झालेले, त्या दिवशीची त्यांची ही तिसरी शाळा. ते सरळ स्वयंपाकखोलीत शिरले आणि थबकले. भिंतींना चुना लावलेला होता. त्यांनी कोपरे बघितले, खोलीमागे डोकावले.

"लाकडं कुठंयत?"

"नायत," गोजराबाई म्हणाल्या.

"सिलिंडर?"

"त्यो बी नाय."

"मग शिजवता कशावर?"

गोजराबाईंनी काड्यापेटी त्यांच्या हातात दिली. "साहेब, तुम्हीच पेटवा." साहेबांनी आमच्या तोंडाकडे बघत काडी ओढली. भप्प आवाज झाला तसे ते एक पाऊल मागे सरले. मग पुढे वाकून बघत राहिले. पाइपचा माग काढत ते मागच्या बाजूला गेले. तिथं पाट्या घेऊन बायका रांगेत होत्या, आणि केरूनाना पाटी मोजून आत ओतत होते. साहेबांनी बराच वेळ सगळं विचारून घेतलं. परवानगी कोणाची, हेही विचारलं. मी म्हणाले, "सही माझी आहे." 

ते परत येऊन व्हरांड्यात खुर्चीवर बसले, फॉर्म काढला. पेन वरून खाली फिरवलं, पुन्हा वर नेलं.

"पंचाईत आहे," ते म्हणाले. "इंधन: लाकूड, सिलिंडर, वीज. यात तुमचा प्रकारच नाही." शेवटी त्यांनी 'इतर' या शब्दापुढे बरोबरची खूण केली. "इतर म्हणजे काय लिहू? नाव काय याचं?"

मी बायोगॅस म्हणणार होते. त्याआधी गोजराबाई बोलल्या, "लिहा, गावचा गॅस."

 साहेबांनी तसंच लिहिलं. गावचा गॅस. खाली सही केली, आणि मुलांच्या पंगतीत बसून वरणभात खाल्ला. दुसऱ्यांदा मागून घेतला.

ते गेल्यावर जो गलका झाला तो विंचूरपर्यंत ऐकू गेला असेल. शेखरने मार्केटातून पेढे आणले. नवनाथने टोपाला हार घातला. केरूनानांना पोरांनी खांद्यावर घेतलं, ते शिव्या देत होते आणि हसत होते. अक्काबाईंनी मला ओढून फुगडी घालायला लावली. बावीस वर्षांच्या नोकरीतली माझी पहिली फुगडी. चंदर काठी टेकत टेकत शाळेपर्यंत आले. बायको कुठल्या खोलीत राबते ते त्यांनी कधी आत येऊन बघितलं नव्हतं. ते शेगडीपुढे उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "एक चहा ठेव की ह्याच्यावर." गोजराबाईंनी ठेवला.

जूनमध्ये पत्र आलं. धारणमळ्याचं स्वयंपाकघर जिथल्या तिथं राहणार होतं. पत्राला आणखी एक ओळ होती: इतर शाळांच्या स्वयंपाकिणींना पाहणीसाठी पाठवलं तर चालेल काय?

गोजराबाईंना मी पुन्हा नाशिकला नेलं. डॉक्टरांनी नवा फोटो जुन्याशेजारी धरला. "वाढलेलं नाही," ते म्हणाले. त्यांनी परत परत दोन्ही बघितले. "अजिबात वाढलेलं नाही." गेलेलं मात्र आलं नव्हतं. ते त्यांनी आधीच सांगितलं होतं. वणीच्या गडाच्या पायऱ्या गोजराबाई दरवर्षी चढायच्या; त्या वर्षी त्यांनी खालूनच हात जोडले.

पाहणीला अकराजणी आल्या. श्रावणातला शनिवार होता. एकच जीप, दाटीवाटीने बसलेल्या. कोणी दिंडोरीकडच्या, कोणी वणीकडच्या, दोघी पार मनमाडजवळच्या. सगळ्यांनी ठेवणीतली लुगडी-साड्या नेसल्या होत्या. मी त्यांच्यासाठी व्हरांड्यात सतरंजी घातली होती, फळ्यावर टाकीची आकृती काढली होती, बाण वगैरे दाखवून.

गोजराबाई आल्या, त्यांनी फळ्याकडे बघितलं आणि बायकांना म्हणाल्या, "चला माझ्यासंगं."

हौदात शेण आणि पाणी तयार होतं. त्यांनी बाह्या वर केल्या. "चहा नंतर. आधी हात घाला."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने पदर खोचला. मग दुसरीने. हळूहळू अकराच्या अकरा हौदाभोवती बसल्या आणि खालचं वर, वरचं खाली करत हसणं-ओरडणं सुरू झालं. माझा फळा मागे उन्हात राहिला.

"आता ऐका," गोजराबाई म्हणाल्या. "गाठ ऱ्हाता कामा नये. शेन एक, पानी एक. कमी शेन चालंल, पन रोज पायजे. आन् कितीबी कुनी सांगितलं तरी सडका कांदा..."

इथं त्यांचा श्वास संपला. त्या हौदाच्या काठावर हात टेकून थांबल्या.

त्या अकराजणींतल्या बहुतेकींना तो थांबा ओळखीचा होता. प्रत्येकीच्या शाळेत चूल होती. कोणी उठून पाणी आणायला धावलं नाही, कोणी "राहू द्या" म्हणालं नाही. कोपरापर्यंत शेणात बुडालेले हात तसेच ठेवून त्या गप्प बसून राहिल्या, गोजराबाईंचा श्वास परत येऊन त्या पुढचं सांगेपर्यंत.